पावतीवर न उमटलेला आकडा

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावची दूध संस्था. गावाचं नाव, साल आणि ओळख पटेल असं बाकी सगळं गाळलं आहे. आकडे हिशेब कळण्यापुरते गोळाबेरीज करून घेतले आहेत. मी या संस्थेचा लेखापरीक्षक होतो. तेव्हा पुढे जे घडलं त्यात मी काठावर उभा राहून बघणारा नव्हतो. संस्थेच्या दारावरच्या पाटीवर ‘ऑडिट वर्ग – अ’ असं लाल रंगात रंगवलेलं होतं, आणि तो ‘अ’ माझ्या सहीनं आला होता.

दूध घालणारे सभासद २१४. सकाळी १९६ च्या आसपास यायचे, संध्याकाळी १८०. दोन्ही वेळचं मिळून १,५०० लिटर दूध. म्हैस आणि गाय मिळून लिटरला सरासरी ४२ रुपये धरू. खरा दर फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशावर आणि बाकीच्या घन घटकांवर ठरतो, पण या प्रकरणात भानगड फॅटची नाहीच, म्हणून ते बाजूला ठेवतो. बिल दर दहा दिवसांनी, आणि कधी एक दिवस मागंपुढं नाही.

संस्था चांगली होती, हे आधी सांगायला हवं. सेक्रेटरी २२ वर्षं त्याच खुर्चीत. दफ्तर स्वच्छ. सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत. सहकार कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीला, कलम ६७ ची १५ टक्क्यांची मर्यादा सांभाळून लाभांश, आणि उरलेला नफा दिवाळीला बोनस म्हणून. बोनस ज्याच्या त्याच्या वर्षभराच्या बिलाच्या प्रमाणात.

नफा साधारण २ लाख ९० हजार. त्यातला मोठा भाग ‘वाढावा’ या खात्यातून यायचा. सभासदांकडून मापून घेतलेलं दूध आणि दूध संघाच्या टेम्पोत चढवलेलं दूध यात जो फरक पडतो तो वाढावा. वर्षाला २ लाख १५ हजारांच्या घरात. बऱ्याच ठिकाणी हे दूध पुस्तकापर्यंत पोचतच नाही, वाटेतच कुणाच्या तरी नावावर चढतं. इथं रुपया न् रुपया जमा होता. सेक्रेटरी मला ते पान अभिमानानं उघडून दाखवायचे. मीही खूश व्हायचो.

चेअरमन पन्नाशीचे, सहा वर्षं पदावर. घरी दिवसाला ४५ लिटर दूध. गाव त्यांना अण्णा म्हणायचं.

अडचण कशी दिसली

मार्चच्या पहिल्या आठवड्यात काट्यावरचा पोरगा बहिणीच्या लग्नाला गेला. तीन दिवस कुणी मिळेना, म्हणून चेअरमन स्वतः काट्यावर उभे राहिले. सेक्रेटरी फॅट काढायला, हे काट्यावर.

काटा इलेक्ट्रॉनिक. वैधमापनाचा शिक्का मुदतीतला. बादलीत दूध ओतलं की काट्यावर लिटरमध्ये आकडा येतो, तो वायरीतून संगणकाला जातो आणि पावती फाटून बाहेर येते. काट्याचं तोंड आतल्या बाजूला. सभासदाला दिसते ती पावती.

एकच म्हैस असलेली एक मावशी किटली घेऊन आली. पदरानं किटलीचा काठ पुसला, दूध ओतलं, तळाचे चार थेंबही किटली उपडी धरून झटकले. काट्यावर २.३८ आलं. पावतीवर २.३. चेअरमनना वाटलं, आपलीच बघायची चूक. पुढचा माणूस ४.१७, पावतीवर ४.१. मग एक ३.०९ आलं, पावतीवर ३.०. थोड्या वेळानं त्यांचाच मुलगा दोन कॅन घेऊन आला. २२.६४, पावतीवर २२.६.

भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर लटकत होतं. त्याचं एक पान त्यांनी फाडलं आणि पाठीमागं गळलेले आकडे मांडायला घेतले. आठ, सात, नऊ, चार, शून्य, पाच. साडेआठला काटा बंद झाला तेव्हा बेरीज ८.९ लिटर होती. संध्याकाळी ८.१. दुसरा दिवस, तिसरा दिवस, थोडंफार इकडंतिकडं तेच. दिवसाला १७ लिटर दूध काट्यावर दिसत होतं आणि पावतीवर उमटत नव्हतं.

ते पान मी नंतर पाहिलं. कोपऱ्यात दुधाचा डाग आहे, आणि मधे कुठंतरी आकडे सोडून ‘मावशी ८’ एवढंच लिहिलंय.

आकडेमोड

इथं जरा थांबून हिशेब बघावा लागेल, कारण खरी मेख हिशेबात आहे.

दुसरा दशांश कापला की प्रत्येक वेळी सरासरी ४५ मिलिलिटर जातं. दूध दोन लिटर असो की बावीस, गळणारा तुकडा सारखाच. म्हणजे दोन वेळचे ९० मिलिलिटर हे मावशीच्या साडेचार लिटरमधून जातात आणि चेअरमनच्या ४५ लिटरमधूनही तेवढेच जातात. जमा होताना मात्र तो नफा होतो, आणि वाटला जातो बिलाच्या प्रमाणात.

मावशीची म्हैस वर्षातले २८० दिवस दूध देते असं धरू. वर्षाला २५ लिटर गेलं, १,०५८ रुपये. दिवाळीला तिला बोनस आला ४७० रुपये. चेअरमनच्या घरचं वर्षाला ३३ लिटर गेलं, १,३८० रुपयांचं. बोनस ६,००० रुपये.

दर दिवाळीला मावशीच्या किटलीतून सुमारे ५९० रुपये निघत होते आणि चेअरमनच्या घरात साडेचार हजारांवर जास्तीचे येत होते. मधल्या प्रत्येक कागदावर सही होती, शिक्का होता.

तिसऱ्या रात्री त्यांनी मला फोन केला. सगळं ऐकून मी सांगितलं, की काटा प्रमाणित आहे, वाढावा जमाखर्चात आहे, वाटप पोटनियमाप्रमाणे आहे, माझ्या तपासणी यादीत यातलं काहीच अडकत नाही.

“नियमाचं मी विचारलंच न्हाई, साहेब,” ते म्हणाले. “उद्या ती मावशी किटली घेऊन येईल. तिला मी काय सांगू, तेवढं सांगा.”

मी काहीतरी गुळमुळीत बोललो. फोन ठेवल्यावर उगाच रॉचडेल आठवलं. जीडीसी अँड ए, म्हणजे सहकार आणि लेखा पदविकेच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकानं ते पाठ केलेलं असतं: इंग्लंडमधल्या त्या गावी कामगारांनी १८४४ मध्ये सहकारी दुकान काढलं, नफा खरेदीच्या प्रमाणात परत दिला, वगैरे. त्यांच्या तत्त्वांत आणखी दोन गोष्टी होत्या, भेसळ नसलेला माल आणि पुरं माप. परीक्षेत लाभांशावर प्रश्न यायचा. मापावर आलेला मला तरी आठवत नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा, आणि त्याची बाजू वाटते तितकी लंगडी नव्हती. ती सेक्रेटरींनी मांडली. दूध कॅनच्या कडांना राहतं, टेम्पोत हिंदकळतं, उन्हाळ्यात एखादा कॅन नासतो आणि संघ परत पाठवतो. ही घट कुणाची? यांच्या आधीच्या सेक्रेटरीनं ती पगारातून भरली होती, एकदा तर बायकोच्या कानातलं गहाण टाकून. संगणक आला तेव्हा सॉफ्टवेअरवाल्या पोरानं विचारलं, दशांश किती ठेवू? यांनी एक सांगितला. पुढचा आकडा कापला जात होता तो घटीसाठी राहू दे, म्हणून. खरी घट दिवसाला तीन लिटर, कापलेलं दूध सतरा. पण हा हिशेब कुणी कधी मांडलाच नव्हता, कारण वर्षाअखेर वाढावा दिसला की सगळ्यांना बरं वाटायचं.

दुसरा पर्याय, गुपचूप सेटिंग बदलायचं. संगणकात दोन बटणं दाबायची. उद्यापासून दोन दशांश, झालं गेलं गंगेला मिळालं. पत्नीनं चेअरमनना हेच सुचवलं होतं आणि मला अजूनही वाटतं, दहातल्या नऊ भल्या माणसांनी हेच केलं असतं. यात दोन घोटाळे होते. वर्षाअखेर नफा धाडकन खाली आला असता आणि त्याचं कारण सांगावंच लागलं असतं. शिवाय आजवर काय चाललं होतं हे ज्यांचं दूध गेलं त्यांना कधीच कळलं नसतं.

तिसरा, वाटपाची रीत बदलायची, मापाला हात लावायचा नाही. चौथा, पुढचा आकडा पाचाच्या वर असेल तर वर चढवायचा, खाली असेल तर सोडायचा. सरासरीनं कुणाचंच नुकसान नाही. हा मी सुचवला होता. चेअरमन म्हणाले, “सरासरी तुम्ही कागदावर बघताय. तिच्याकडं एकच किटली हाय.”

पाचवा म्हणजे दोन्ही दशांश पावतीवर आणायचे, घट ही घट म्हणून खर्चात दाखवायची आणि मागचं सगळं सभेपुढं ठेवायचं. संचालक मंडळाची निवडणूक दहा महिन्यांवर आली होती.

काय केलं गेलं

१८ मार्चला संचालक मंडळाची बैठक झाली. अकरा संचालक. चेअरमननी विषय मांडताना सुरुवात स्वतःच्या घरच्या आकड्यानं केली. “माझ्या घरात सहा हजार आले. माझं गेलेलं तेराशे ऐंशी. वरचे कुणाचे?” मग मावशीचा आकडा, नाव न घेता. या प्रकरणातलं सगळ्यात वजनदार पाऊल मला हेच वाटतं. दुसऱ्याच्या ताटातलं दाखवायला फार काही लागत नाही.

व्हाइस चेअरमन म्हणाले, “अण्णा, तुमचं खरं आहे. पण दिवाळीला बोनस आला नाही तर लोक काटा विचारणार नाहीत, आपल्याला विचारणार.” दुसऱ्या एकानं शेजारच्या संस्थेचं नाव घेतलं: तिथं तर वाढावा पुस्तकातही येत नाही, तिकडं कोण काय बोलतं? शेवटी ठराव झाला की विषय ऑगस्टच्या सर्वसाधारण सभेपुढं ठेवावा, तोवर आहे तसं चालू द्यावं. सात विरुद्ध चार. चेअरमननी आपला विरोध प्रोसिडिंगमध्ये नोंदवून घेतला.

इथं ते अडकले. मंडळाचा ठराव मोडून सेटिंग बदलणं त्यांना पटत नव्हतं. उद्या दुसरा चेअरमन असंच ‘माझ्या मनाला पटलं’ म्हणून काहीही बदलेल, हे त्यांचंच म्हणणं. आणि ऑगस्टपर्यंत गप्प बसायचं म्हणजे पाच महिने रोजचं सतरा लिटर.

२१ मार्चला नवीन बिलाची पाळी सुरू झाली. सकाळी पावणेसहाला ते काट्यापाशी खुर्ची टाकून बसले, खिशात निळं बॉलपेन. सेटिंगला हात लावला नाही. पावती फाटून आली की काट्यावरचा आकडा बघायचे आणि छापील २.३ च्या पुढे पेननं ८ लिहून द्यायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, “एवढं काट्यावर आलं. बिल मात्र छापलेल्याचंच निघंल. ऑगस्टात सभा हाय, तिथं बोला.”

ठराव शब्दशः पाळला गेला होता, आणि चार दिवसांत गाव पेटलं होतं.

पारावर, हॉटेलात, मुंबईला गेलेल्या पोरांच्या मोबाइलवर पेननं लिहिलेल्या पावत्यांचे फोटो फिरायला लागले. आणि संशयाचा रोख गेला सेक्रेटरींकडे. २२ वर्षं दुधापाशी बसलेला माणूस. पाचव्या संध्याकाळी एका तरण्या पोरानं भर काट्यावर त्यांना ‘दूधचोर’ म्हटलं. सेक्रेटरी काही बोलले नाहीत. फॅटच्या यंत्रावरचं फडकं नीट घडी करून ठेवलं, सायकल काढली. दुसऱ्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा पुतण्याच्या हातून आला.

चेअरमन त्यांच्या घरी गेले. वहिनी दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “घरात न्हाईत.” आतून रेडिओचा आवाज येत होता.

पुढच्या सकाळी काट्यावर गर्दी असताना चेअरमननी उभं राहून सांगितलं, की सेक्रेटरींनी एक थेंब घरी नेलेला नाही, सगळं दूध पुस्तकात आहे, सहा वर्षं त्या नफ्याच्या कागदावर माझी सही आहे, आणि बोनस मीही घेतलाय. शिवी द्यायची तर मला द्या. ज्या पोरानं शब्द टाकला होता त्याच्या वडिलांना घेऊन ते पुन्हा सेक्रेटरींकडे गेले. चौथ्या दिवशी सेक्रेटरी कामावर आले. चेअरमनशी कामापुरतं बोलायचे.

३० मार्चला तातडीची बैठक. आता आठ विरुद्ध तीन. १ एप्रिलपासून पावतीवर दोन दशांश, काट्याला सभासदाकडे तोंड करून दुसरा डिस्प्ले, आणि घट झाली तर ती संस्थेच्या खर्चात, सेक्रेटरीच्या पगारात नाही. या शेवटच्या वाक्यावर सेक्रेटरींनी प्रोसिडिंग लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि वाक्य पुन्हा विचारून घेतलं.

राहिला मागच्या वर्षाचा प्रश्न. ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचा बोनस अजून वाटायचा होता, दोन लाख. तो रीतीप्रमाणे वाटला तर शेवटचं वर्षही तसंच जाणार. पण कुणाचं किती गेलं हे काढायचं कसं? दुसरा दशांश संगणकात साठवलेलाच नव्हता.

तोड काढली ती सेक्रेटरींनी. जुलैत ऑडिटला मी गेलो होतो, तेव्हा माझ्यासमोर. “आकडा साठवलेला नाही. पण हजेरी आहे,” ते म्हणाले. “दर पाळीला कापलं गेलं ते सारखंच. मग ज्यानं जितक्या वेळा दूध घातलं तितक्या वेळचं परत द्या. लिटर बघूच नका.”

वर्षाला १ लाख ३७ हजार वेळा दूध घातलं गेलं होतं. दर वेळेला १ रुपया ४५ पैसे. मावशीला ४७० ऐवजी ८१२. चेअरमनना ६,००० ऐवजी १,०६०.

पोटनियमात बसतं का, हे मला विचारलं गेलं. मी पोटनियम काढला. ‘सभासदाने संस्थेशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात’ असे शब्द होते. व्यवहार म्हणजे बिलाची रक्कम, असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. आम्हीच तसं वाचत आलो होतो. दूध घालणं हाही व्यवहारच. मी तसं लेखी दिलं. हे मार्चमध्ये फोनवर सुचलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं.

ऑगस्टच्या सभेत तीन तास आरडाओरडा झाला. पण सहकारात एका सभासदाला एकच मत, म्हशी कितीही असोत. ठराव हात वर करून मंजूर झाला.

परिणाम

लहान उत्पादकांच्या दहा दिवसांच्या बिलात सरासरी ३८ रुपये वाढले. दोन मोठे गोठेवाले रागानं शेजारच्या संस्थेकडे गेले, दिवसाचं ९० लिटर घेऊन. एक वर्षभरानं परत आला; तिकडं फॅट लागत नाही म्हणून, तत्त्वासाठी नव्हे.

पुढच्या वर्षीचा नफा ३० हजारांवर आला. गुणांकनात नफ्याचे गुण गेले आणि संस्थेला ‘ब’ वर्ग मिळाला. माझ्याच सहीनं. पाटीवरचा ‘अ’ खरवडून ‘ब’ रंगवायला लागला तेव्हा रंगारी म्हणाला म्हणे, काय घोटाळा झाला का हो?

त्या दिवाळीला बोनस नव्हता, सभासदाला एक किलो साखरेचा पुडा. आणि इथं एक गोष्ट आम्हा कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. दहा दिवसाला वाढलेले ३८ रुपये कुणाच्या डोळ्यांत भरले नाहीत. ते मीठ-मिरचीत, पोराच्या वहीत जिरले. दिवाळीचे चारशे-पाचशे एकदम हातात पडायचे, त्यात तेल यायचं, रवा यायचा. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्यातलेच कितीतरी जण चेअरमनवर चिडले. मावशी काट्यावर म्हणाली, “तुझं माप पुरं झालं बाबा, पण माझी दिवाळी कोरडी गेली की.”

त्यावर संस्थेनं दिवाळी ठेव सुरू केली. ज्याची सही असेल त्याच्या बिलातून लिटरला ५० पैसे कापायचे, दर पावतीवर शिल्लक छापायची, दिवाळीआधी आठ दिवस परत. २१४ पैकी १३१ जणांनी सही केली. पैसा पूर्वीही कापला जात होता, फरक त्या सहीचा. मावशीनं सही केली नाही. “माझं मी ठेवतो,” म्हणाली.

निवडणुकीत चेअरमन निवडून आले, शेवटच्या क्रमांकाच्या मतांनी. चेअरमनपद व्हाइस चेअरमनकडे गेलं. त्यांनी दोन दशांश मागं घेतले नाहीत. घ्यायचे म्हटले तरी आता सभासदाकडे तोंड केलेला डिस्प्ले होता.

वेगळं काय करता आलं असतं

चेअरमनशी यावर माझं बरंच बोलणं झालंय. सेटिंगला हात न लावता पेननं आकडा लिहिण्याबद्दल त्यांना आजही खंत नाही. मला थोडी शंका आहे. ठराव पाळला हे खरं, पण मंडळाला ऑगस्टपर्यंतचा वेळ त्यांनी दिला नाही हेही खरं. गाव पेटवून घेतलेलं मत आणि समजावून घेतलेलं मत यात फरक असतो. ते म्हणतात, “पाच महिने समजावत बसलो असतो, तर रोजचं सतरा लिटर कुणी भरून दिलं असतं?” यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी १८ तारखेच्या बैठकीत एकदम ठरावालाच हात घालण्याआधी त्यांनी एक-दोन संचालकांना तीन दिवस काट्यावर उभं केलं असतं, तर सात-चारचं उलट झालं असतं असं मला वाटतं. स्वतः पाहिल्यावर त्यांची झोप उडाली होती. इतरांना त्यांनी फक्त बेरीज ऐकवली.

सेक्रेटरींबाबत मात्र ते स्वतःच आपली चूक सांगतात. तीन दिवस शेजारी फॅट काढत बसलेल्या माणसाशी एक शब्द न बोलता त्यांनी रात्री मला फोन लावला. का? तर मनात कुठंतरी संशय होता. तोच संशय पुढे गावानं मोठ्यानं बोलून दाखवला. पहिल्याच संध्याकाळी ते कॅलेंडरचं पान सेक्रेटरींपुढं ठेवलं असतं तर घटीची गोष्ट तेव्हाच बाहेर आली असती, कानातलं गहाण टाकल्याचीही. आणि हजेरीवरून वाटप करायची युक्तीही जुलैऐवजी मार्चमध्ये. सहा वर्षं एकत्र काम करूनही त्या बाईंच्या कानातल्याची गोष्ट चेअरमनना ठाऊक नव्हती.

राहिलो मी. लेखापरीक्षणाच्या अहवालात सर्वसाधारण सूचनांचा भाग असतो. नियम मोडला नसला तरी तिथं दोन ओळी लिहायला मला कुणी बंदी केली नव्हती. वाढावा २ लाख १५ हजार दिसला तेव्हा, एवढं दूध येतं कुठून, हा प्रश्न साधा होता. मी वाढावा जमा आहे का एवढंच तपासलं, कारण यादीत तेवढंच होतं.

हल्ली ऑडिटला गेलो की एक सकाळ काट्यापाशी उभा राहतो. गेल्या महिन्यात एका दुसऱ्या संस्थेत गेलो होतो. काट्यावर ५.२७, पावतीवर ५.२. वही काढली, सवयीनं. मग ती पुन्हा पिशवीत ठेवली आणि तिथल्या सेक्रेटरींना म्हणालो, चला, आधी चहा घेऊ.